आंबा इकडे, आंबापोळी तिकडे: वेब विनंत्यांच्या राउटिंगचे नियम कसे लिहायचे

समजा देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या काही बागायतदारांनी, घरगुती निवास चालवणाऱ्यांनी आणि होडीवाल्यांनी मिळून एक संकेतस्थळ काढलं. गिऱ्हाइकाला पत्ता एकच दिसतो. आत मात्र चार वेगळ्या सेवा चालतात: आंब्याच्या ऑर्डरी, मुक्कामाचं बुकिंग, होडीच्या फेऱ्या आणि पैसे भरणं. चारही वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या सेवेची धावपळ, दिवाळी-नाताळात मुक्कामाच्या सेवेची. या सगळ्यांच्या पुढे एक प्रॉक्सी बसवलेला असतो: एनजिनएक्स, हॅप्रॉक्सी, एन्व्हॉय किंवा क्लाउड कंपनीचा लोड बॅलन्सर. आलेली विनंती वाचायची आणि ती कुठल्या सेवेकडे द्यायची ते ठरवायचं, म्हणजेच राउटिंग करायचं, एवढंच त्याचं काम. ते तो आपण लिहून दिलेल्या नियमांवरून करतो.

नियम लिहिणं अवघड नाही. गोंधळ होतो तो दोन जागी. दोन नियम एकाच विनंतीला लागू पडत असतील तर कोणता आधी, आणि विनंतीतल्या कुठल्या माहितीवर भरवसा ठेवायचा. या दोन गोष्टी पक्क्या नसतील तर वीस नियमांची फाइल सहा महिन्यांनी कोणालाच समजत नाही.

संदर्भ म्हणजे नेमकं काय

विनंतीत प्रॉक्सीला दिसणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. होस्टचं नाव, मार्ग, पद्धत (गेट, पोस्ट वगैरे), हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी), कुकी (ब्राउझरने जपून ठेवलेली छोटी नोंद), प्रश्नचिन्हानंतरचे पॅरामीटर, पाठवणाऱ्याचा आयपी, आलेली वेळ आणि शेवटी बॉडी, म्हणजे आतला मजकूर. यातलं एक किंवा अनेक पाहून निर्णय घेणं म्हणजे संदर्भानुसार राउटिंग.

यासाठी प्रॉक्सीला विनंती वाचता आली पाहिजे. एचटीटीपीएसची जोडणी प्रॉक्सीवर उघडली गेली तरच मार्ग आणि हेडर दिसतात. ती न उघडता तशीच पुढे पाठवली तर सुरुवातीच्या टीएलएस (गुप्त जोडणी जुळवणाऱ्या) संदेशातलं होस्टचं नाव तेवढं कळतं. त्यामुळे मार्गावर नियम हवे असतील तर प्रमाणपत्र प्रॉक्सीवर ठेवावंच लागतं.

हेडर आणि बॉडी यांत मोठा फरक आहे. पेटीवरचा शिक्का वाचून पेटी कुठल्या गाडीत जाणार ते ठरवणं आणि प्रत्येक पेटी उघडून फळ बघून ठरवणं, यांत जेवढा फरक तेवढाच. बॉडी बघायची तर ती पूर्ण येईपर्यंत थांबावं लागतं आणि मेमरीत धरून ठेवावी लागते. शिवाय एनजिनएक्स मुळात १ एमबीपर्यंतचीच बॉडी घेतो, त्याहून मोठी आली की ४१३ ("मजकूर फार मोठा") परत पाठवतो. घराचे फोटो चढवणाऱ्या निवासमालकाला हा अनुभव हमखास येतो. जुन्या सोप (एक्सएमएल संदेशांतून बोलणाऱ्या) सेवांमध्ये एक्सएमएलच्या आतला भाग पाहून राउटिंग करण्याची प्रथा होती आणि काही जागी अजून आहे. पण सोप १.१ मध्ये कृतीचं नाव सोप-ॲक्शन या हेडरमध्ये येतं, १.२ मध्ये ते कंटेंट-टाइप हेडरच्या ॲक्शन पॅरामीटरमध्ये येतं. म्हणजे बहुतेक वेळा पेटी उघडायची गरजच नसते. नवी सेवा लिहीत असाल तर राउटिंगला लागणारी गोष्ट मार्गात किंवा हेडरमध्ये येईल असंच ठरवा.

आधी कागदावर

फाइलला हात लावण्याआधी नियम कागदावर मांडावेत. प्रत्येकाला क्रमांक द्यावा, मधे जागा सोडून, म्हणजे उद्या १५ नंबरचा नियम घालता येतो. आपल्या उदाहरणात यादी अशी होईल:

१०: मार्ग बरोबर "/तब्येत" (प्रॉक्सी जिवंत आहे का हे तपासायचा पत्ता) असेल तर प्रॉक्सीनेच २०० ("सगळं ठीक") उत्तर द्यावं.
२०: पद्धत पोस्ट आणि मार्ग "/पेमेंट/कळव" असेल तर पेमेंट सेवा. बाकी कुठलीही अट नाही.
३०: भागीदाराचा तपासलेला टोकन (ओळख पटवणारा गुप्त संकेत) असेल आणि मार्ग "/मुक्काम/" ने सुरू होत असेल तर मुक्काम सेवेचा एजंटांसाठीचा भाग.
४०: "/मुक्काम/" ने सुरू होणारं बाकी सगळं मुक्काम सेवेकडे.
५०: "/आंबा/" ने सुरू होणारं आंबा सेवेकडे.
६०: "/होडी/" ने सुरू होणारं होडी सेवेकडे.
शेवट: काहीच जुळलं नाही तर ४०४ ("सापडलं नाही").

दोन गोष्टी मुद्दाम पाहा. पैसे भरले गेले हे बँकेच्या बाजूने कळवणारी विनंती जवळजवळ सगळ्यांच्या आधी आहे. तिला भाषा, कुकी, नव्या आवृत्तीची चाचणी यातलं काहीही लागता कामा नये, कारण ती माणसाच्या ब्राउझरमधून येत नाही. भाषा निवडायच्या पानाकडे ती वळवली गेली तर पैसे कापले जातात आणि ऑर्डर मात्र "पैसे बाकी" दाखवत राहते. दुसरं म्हणजे शेवटचा नियम. काही न जुळल्यास विनंती कुठल्यातरी सेवेकडे ढकलून देणं सोपं वाटतं, पण मग लिहिण्यातली चूक कधी उघडी पडतच नाही. स्वच्छ ४०४ आला की चूक त्याच दिवशी सापडते.

एनजिनएक्समध्ये क्रम कसा लागतो

क्लाउडच्या लोड बॅलन्सरमध्ये सहसा सरळ हिशेब असतो: लहान क्रमांक आधी, पहिला जुळला की तिथेच थांबा. एनजिनएक्स तसा चालत नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात. त्यात "लोकेशन", म्हणजे नियम कुठल्या मार्गाला लागू ते सांगणारा भाग, चार प्रकारे लिहिता येतं. विनंती आली की तो आधी "=" लावलेलं, तंतोतंत जुळणारं लोकेशन शोधतो, सापडलं तर काम संपलं. नाहीतर साध्या, सुरुवात जुळणाऱ्या लोकेशनांपैकी सर्वांत लांब जुळणारं लक्षात ठेवतो. त्या लोकेशनला "^~" लावलेलं असेल तर तेच पक्कं. नसेल तर "~" किंवा "~*" लावलेली रेजेक्स (अक्षरांचा नमुना सांगणारी) लोकेशनं फाइलमध्ये ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने तपासतो आणि पहिलं जुळेल ते घेतो. एकही रेजेक्स जुळलं नाही तरच लक्षात ठेवलेल्या लांब लोकेशनकडे परत येतो.

म्हणजे साध्या लोकेशनांचा फाइलमधला क्रम काहीच ठरवत नाही, रेजेक्सांचा क्रम मात्र सगळं ठरवतो. कोणी भल्या हेतूने "जेपीजी किंवा पीएनजीने संपणारं सगळं स्थिर फाइलींच्या फोल्डरमधून द्या" असं रेजेक्स लिहितो. लगेच "/आंबा/पावती/फोटो.जेपीजी" ही आंबा सेवेने तयार करायची विनंती त्या फोल्डरकडे जाते आणि ४०४ येतो. आंबा सेवेच्या नोंदीत तर ती विनंती दिसतही नाही, त्यामुळे शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. उपाय: "/आंबा/" च्या लोकेशनला "^~" लावा.

आता शीर्षकातली आंबापोळी. लोकेशन "/आंबा" असं, शेवटच्या तिरक्या रेघेशिवाय लिहिलं तर ते "/आंबापोळी" आणि "/आंबावडी" यांनाही जुळतं, कारण प्रॉक्सीला शब्द कळत नाही, सुरुवातीची अक्षरं कळतात. आंबापोळीचं दुकान वेगळ्या सेवेत असेल आणि तिचं स्वतंत्र लोकेशन लिहायचं राहिलं, तर तिच्या विनंत्या आंबा सेवेकडे जातात. म्हणून "/आंबा/" असंच लिहायचं.

पण मग दुसरी अडचण उभी राहते. लोकेशन "/आंबा/" असेल, त्यात प्रॉक्सी-पास (विनंती पुढे कुठल्या पत्त्यावर द्यायची ते सांगणारी ओळ) असेल आणि विनंती नुसत्या "/आंबा" वर आली, तर एनजिनएक्स स्वतःहून ३०१ ("पत्ता कायमचा बदलला") देऊन रेघवाल्या पत्त्यावर पाठवतो. गेट विनंतीला याने काही होत नाही. पोस्ट असेल तर ३०१ नंतर ब्राउझर ती गेट करून पाठवतो, बॉडी गळून पडते आणि पाच डझनाची ऑर्डर रिकामी पोचते. "= /आंबा" असं तंतोतंत लोकेशन वेगळं लिहून ते सरळ सेवेकडे पाठवावं. वळवायचंच असेल तर ३०८ द्यावा, त्यात पद्धत आणि बॉडी टिकते. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो हेही विसरू नका. चुकीचा ३०१ एकदा गेला की फाइल दुरुस्त केल्यावरही काही गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तो बराच काळ जिवंत राहतो. पक्कं ठरेपर्यंत ३०२ किंवा (पोस्ट असेल तर) ३०७ वापरा, ते तात्पुरते असतात.

तशीच रेघ प्रॉक्सी-पासच्या पत्त्यातही छळते. पत्ता नुसता होस्ट आणि पोर्टवर संपत असेल, उदाहरणार्थ पोर्ट ८००१, तर "/आंबा/दर" हा मार्ग जसाच्या तसा पुढे जातो. त्याच पत्त्याच्या शेवटी "/" असेल तर जुळलेला "/आंबा/" एवढा भाग काढून त्याजागी "/" बसतो आणि सेवेला नुसतं "/दर" मिळतं. दोन्ही बरोबरच आहे, सेवा कोणता मार्ग अपेक्षित धरते ते पाहून निवडायचं. मात्र लोकेशन "/आंबा" आणि पत्त्याच्या शेवटी "/" अशी सरमिसळ झाली की सेवेला "//दर" जातं. चालू असलेलं अचानक ४०४ देऊ लागलं तर या रेघा पहिल्यांदा तपासा.

मराठी मार्ग

मार्ग देवनागरीत ठेवायला हरकत नाही, पण आत काय होतं ते माहीत हवं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट जाताना "%" आणि दोन आकडे किंवा रोमन अक्षरं अशा ३ अक्षरांत लिहिला जातो. "हापूस" मध्ये काना-उकारासकट ५ चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट, म्हणजे तारेवरून ४५ अक्षरं. एनजिनएक्स लोकेशन जुळवताना हे सगळं उलगडून घेतो, त्यामुळे फाइलमध्ये "/हापूस/" लिहिलेलं चालतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असावी, इतकंच. पण मूळ, न उलगडलेला मार्ग ज्या चलात (व्हेरिएबलमध्ये) असतो त्याच्यावर मॅप (एका किमतीवरून दुसरी ठरवणारी यादी) किंवा अट लिहिली तर तिथे ती ४५ अक्षरंच दिसतात आणि नियम कधीच जुळत नाही.

याहून फसवा प्रकार "किनाऱ्यावर" सारख्या शब्दात होतो. यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: वेगळं "ऱ" अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, प्रॉक्सीला दोन वेगळे मार्ग. एकाच कीबोर्डवरून सगळं लिहिलं तर हे लक्षातही येत नाही. दुसऱ्याने दुवा हाताने टाइप केला की ४०४. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: माणसांनी वाचायच्या पानांचे मार्ग देवनागरीत खुशाल ठेवा, पण एका सेवेने दुसरीला बोलवायचे मार्ग रोमन अक्षरांतच असू द्या. या लेखात वाचायला सोपं म्हणून सगळे देवनागरीत लिहिले आहेत.

भाषा, ठिकाण आणि हंगाम

हे तीन संदर्भ सगळ्यांना हवेसे वाटतात आणि तिन्ही जपून वापरावे लागतात.

भाषेसाठी ब्राउझर ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर पाठवतो. पण आपल्याकडे कितीतरी जणांचा फोन इंग्रजीवर लावलेला असतो आणि वाचायला त्यांना मराठी हवी असते. त्यामुळे हा हेडर शेवटी बघायचा. पत्त्यातच भाषा लिहिली असेल तर ती आधी, मग पूर्वी निवडलेल्या भाषेची कुकी, मग हेडर, आणि काहीच नसेल तर मराठी. मधे कॅश (उत्तरं साठवून पुन्हा देणारा टप्पा) असेल तर उत्तरासोबत व्हेरी हेडरमध्ये ॲक्सेप्ट-लँग्वेज लिहावं लागतं, नाहीतर पहिल्या आलेल्याची इंग्रजी पानं पुढच्या सगळ्यांना मिळतात. सगळ्यांत निर्धास्त उपाय म्हणजे भाषा मार्गातच ठेवणं.

आयपीवरून ठिकाण ओळखून "रत्नागिरीतल्यांना रत्नागिरीचं पान" असा नियम करू नका. मोबाइल इंटरनेटवर दिसणारा आयपी कंपनीच्या गेटवेचा असतो. माणूस गुहागरात बसलेला असला तरी आयपीच्या यादीत तो मुंबईत किंवा आणखी कुठे दिसू शकतो. देश ओळखायला आयपी बऱ्यापैकी चालतो, तालुका ओळखायला नाही. जिल्हा एकदा विचारा, कुकीत ठेवा, तिच्यावर नियम लिहा.

हंगामाचं तर आणखी वेगळं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून "जून ते ऑगस्ट, /होडी/ च्या सगळ्या विनंत्या 'हंगाम बंद' पानाकडे" असा नियम सुचतो. तो चुकीचा आहे. जुलैमध्ये दिवाळीच्या सुट्टीची फेरी बुक करणारं कुटुंब त्यात अडकतं. इथे महत्त्वाची तारीख आजची नाही, प्रवासाची आहे, आणि ती फॉर्मच्या आत असते. असा निर्णय होडी सेवेने घ्यायचा, प्रॉक्सीने नाही. "आजच्या फेऱ्या" हे एक पान मात्र प्रॉक्सीवरून वळवायला हरकत नाही, कारण त्याला आजचीच तारीख लागते.

वेळेवर नियम लिहिलाच तर सर्व्हर कुठल्या घड्याळावर चालतो ते बघा. क्लाउडमधली यंत्रं बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौकांची ताजी मासळी विकणारं पान बंद ठेवायचं असेल, तर नियम यूटीसीनुसार ३१ मे रोजी १८:३० ला सुरू झाला पाहिजे आणि ३१ जुलैला १८:३० ला संपला पाहिजे. नाहीतर १ जूनला पहाटे साडेपाचपर्यंत ऑर्डरी घेतल्या जातात.

कशावर भरवसा

हेडर कोणीही काहीही लिहून पाठवू शकतो. "एक्स-भागीदार" नावाचा हेडर असेल तर एजंटांचे दर दाखवा, असा नियम म्हणजे ज्याला ते नाव कळलं त्याला ते दर. बाहेरून आलेले असे हेडर प्रॉक्सीने आधी पुसून टाकायचे, टोकन तपासायचा, आणि मग स्वतः तो हेडर लावून पुढे पाठवायचा. विनंती मुळात कुठल्या आयपीवरून आली ते सांगणाऱ्या एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरचंही तेच. आपल्याच प्रॉक्सीने जोडलेला आयपी तेवढा खरा धरायचा.

एक बारीक खोच: एनजिनएक्स मुळात अंडरस्कोअर असलेले हेडर गुपचूप टाकून देतो. "एक्स_भागीदार" असं नाव ठेवलं तर ते सेवेपर्यंत पोचतच नाही आणि कुठे चूकही दिसत नाही. आडवी रेघ वापरा.

नव्या आवृत्तीकडे सुरुवातीला ५ टक्के लोक पाठवायचे असतील तर ते कुकीतल्या ओळखक्रमांकाच्या हॅशवरून (त्यातून दर वेळी तोच निघणाऱ्या आकड्यावरून) ठरवा. प्रत्येक विनंतीला फासा टाकला तर एकाच गिऱ्हाइकाची टोपली अर्धी जुन्या सेवेत आणि अर्धी नव्यात जाते. आयपीवरून ठरवलं तर मोबाइलवरचे असंख्य लोक एकाच आयपीमागे असल्याने ५ टक्के कधी ५ राहत नाहीत.

सेवा पडली तर

एनजिनएक्समध्ये जोडणीसाठी आणि उत्तरासाठी थांबायची मुदत मुळात ६०-६० सेकंद असते. जोडणीसाठी ती फार मोठी आहे, २ ते ३ सेकंद पुरतात. एक सेवा आजारी पडली की साठ सेकंद थांबलेल्या विनंत्यांची रांग चांगल्या सेवांचाही श्वास कोंडते. ५०२ आला तर सेवेने जोडणी नाकारली किंवा भलतंच उत्तर दिलं, ५०४ आला तर ती वेळेत बोलली नाही, एवढं लक्षात ठेवलं की अर्धा शोध संपतो.

एका सेवेची दोन यंत्रं असतील तर पहिल्याकडून चूक आल्यावर प्रॉक्सी दुसऱ्याकडे जातो. पोस्ट विनंती एकदा पुढे पाठवली गेली असेल तर तो ती मुळात पुन्हा पाठवत नाही, आणि हे बदलू नका, नाहीतर एकाच ऑर्डरच्या दोन पेट्या निघतात. गिऱ्हाईक स्वतः दोनदा दाबतं त्यासाठी ऑर्डरचा क्रमांक फॉर्म उघडतानाच तयार करून सेवेने तो तपासावा.

जेट्टीवरच्या संगणकाकडून "आत्ता किती जागा शिल्लक" ही माहिती आणायची असेल तर प्रॉक्सीने तिथे विनंती पाठवण्याची रचना टाळावी. पावसात वीज जाते, ब्रॉडबँडचा आयपी बदलतो, आणि नावाने दिलेला पत्ता एनजिनएक्स सुरू होतानाच एकदा शोधून धरून ठेवतो, त्यामुळे आयपी बदलल्यावरही तो जुन्याच दाराशी जातो. त्या संगणकानेच दर मिनिटाला माहिती वर पाठवावी आणि सर्व्हरने शेवटची वेळ लिहून ती दाखवावी.

तपासणी

प्रत्येक नियमाला नाव द्या आणि ते उत्तराच्या एका हेडरमध्ये व नोंदवहीतही लिहा. मग कर्लने (कमांड लिहून विनंती पाठवायच्या साधनाने) होस्ट, मार्ग, पद्धत आणि हेडर बदलून विनंत्या पाठवायच्या आणि कोणता नियम लागला ते वाचायचं. जुळायला हव्यात त्यांच्याइतक्याच जुळू नयेत अशा विनंत्याही यादीत घाला: "/आंबापोळी", "/आंबा" वर पोस्ट, खोटा भागीदार हेडर, जोडचिन्हवाला "किनाऱ्यावर", कुकी नसलेली पेमेंटची विनंती. ही यादी फाइलजवळच ठेवा आणि नियम बदलला की पूर्ण चालवा.

फाइल बदलल्यावर आधी एनजिनएक्सची स्वतःची तपासणी चालवा, मग रीलोड करा, रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये चालू जोडण्या तुटत नाहीत: जुन्या प्रक्रिया हातातलं काम संपवतात, नव्या विनंत्या नव्या नियमांनी जातात. त्यामुळे लांब चालणाऱ्या वेबसॉकेट जोडण्या असतील तर बराच वेळ जुने आणि नवे नियम शेजारीशेजारी चालतात, आणि नोंदवहीत दोन्हींची नावं दिसतात.